जिन्यावरची जागा

प्रिय ताई,

पपांचा कोट मिळाला. एकदाच अंगात घालून बघितला. खांद्यात नेमका बसला, बाह्या मनगटाशी येऊन थांबल्या, आणि पपांच्या पाठीवर कायम पडायची ती चुणी तू कुठे गडप केलीस कोण जाणे. खिशाला टाचलेली चिठ्ठीही वाचली. ‘आत दोन बोटं कापड ठेवलंय. अंगानं भरलास तर उसवून घेऊ. भाषणाच्या दिवशी घाल.’ मी अंगानं भरेन अशी आशा या जगात आता तू एकटीच बाळगून आहेस. वसतिगृहातल्या जेवणानं ती आशा कधीच सोडली. कोट दारामागच्या खुंटीवर टांगलाय. रोज उठल्यावर आधी तोच दिसतो आणि पपा पाठमोरे उभे आहेत असं वाटतं.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. पत्रात एक सोय आहे, ‘मुद्द्यावर ये’ असं तुला मध्येच म्हणता येत नाही. मुद्दा आहे, ताई. पण मी आधी थोडा पाल्हाळ लावणार आहे, धीर येईपर्यंत. लहानपणी शाळेतून काही मोडून-फोडून आलो की मी आधी तुला सगळ्या वर्गाची खबरबात सांगायचो आणि तू शिवणयंत्रावरून मान वर न करता विचारायचीस, ‘काय मोडलंस?’ तसंच समज.

तर इकडची खबर. खोली तीच, तिसऱ्या मजल्यावरची, पाण्याच्या टाकीला लागून. टाकी भरली की भिंत ओली होते आणि माझी गादी पलंगाच्या दुसऱ्या कडेला सरकते. खोलीतला सोबती तोच. आम्ही त्याला डॉक्टर म्हणतो, कारण त्याच्या आईनं दिलेल्या गोळ्यांच्या डब्यावर अख्खा मजला जगतो. शिकतो बिचारा भूगोल. कपाटाचं दार अजून लागत नाही. पपा असते तर दोन मिनिटांत बिजागरी सरळ करून वर मला अर्धा तास ऐकवलं असतं, की दार का लटकतंय ते न बघता माणसं दाराला लाथा घालतात. मी लाथच घालतो.

माझ्या धड्यांचं तुला ठाऊक आहे, पण ते सुरू कसे झाले ते कधी नीट सांगितलं नाही. पहिल्या वर्षी आमच्या मजल्यावरचा एक नळ पंधरा दिवस ठिबकत होता. रविवारच्या विद्यार्थी प्रार्थनासभेत कुणीतरी पाच मिनिटं बोलायचं असतं आणि त्या दिवशी बोलणारा तापानं पडला. चर्चच्या पाळकांनी माझ्याकडे बोट केलं. मला काही सुचेना, म्हणून मी नळावर बोललो. एक एक थेंब आपण मोजत नाही, पण पहाटे बघावं तर खालची बादली भरलेली असते. देवाची कृपाही तशीच भरते, आपलं लक्ष नसताना. एवढंच. सभा अशी रंगली म्हणून सांगू! संपल्यावर पाळक म्हणाले, ‘तुला डोळा दिलाय रे देवानं.’ ताई, त्या वाक्यानं माझं वाटोळं केलं असं म्हणणं बरोबर नाही, पाळक भले गृहस्थ आहेत. वाटोळं माझं मीच केलं. पण त्या दिवसापासून रविवार म्हणजे मी, असं ठरून गेलं. मला सगळे ‘धडेवाला’ म्हणू लागले, आणि मला ते आवडू लागलं.

मग काय, मला धड्याशिवाय काही दिसेचना. बस चुकली, धडा. दूध उतू गेलं, धडा. ग्रंथालयात पुस्तक चुकीच्या फळीवर सापडलं, तर त्यावरून मी हरवलेल्या माणसांवर बोलून सभेला रडवलं. खिशात छोटी वही असायची. एकदा डॉक्टर ओल्या जिन्यावरून चार पायऱ्या घसरत खाली गेला, आणि मी वर उभा राहून वही काढली. पाय घसरण्यावर चांगलं सुचलं होतं, विसरलो असतो. तो खालून ओरडला, ‘अरे देवमाणसा, आधी हात दे, मग लिही!’ आम्ही दोघंही त्यावर खूप हसलो. तुलाही मी फोनवर सांगितलं होतं. तू हसली नव्हतीस. तू म्हणालीस, ‘लागलं का त्याला?’ आणि मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

आणखी एक कबूल करतो, मोठ्या गोष्टीच्या आधी लहान. माझे निम्मे धडे तुझे आहेत. शिवणीत सोडून ठेवलेल्या जास्तीच्या कापडावरचा माझा धडा इथे फार गाजला. माणूस उद्या वाढेल हे धरून देव आपल्यात आतून जागा ठेवतो, वगैरे. तो तू मला शिवणाच्या दुकानात शाळेचा गणवेश सैल करताना सांगितला होतास. धडा म्हणून नाही, नुसतं बोलता बोलता. खडूच्या रेघेवरचा तुझा. उसवायला शिवण्याहून जास्त वेळ लागतो, तोही तुझा. शनिवारी फोनवर तू दिवसभराचं सांगायचीस आणि रविवारी मी उभा राहून म्हणायचो, ‘परवा माझ्या असं लक्षात आलं...’ तुझं नाव एकदाही घेतलं नाही. घ्यावंसं वाटलं नाही असं नाही. वाटायचं, मग मी कसला धडेवाला, मी नुसता निरोप्या.

आता पपा.

हे सगळं तुला माझ्याहून चांगलं माहीत आहे, तरी लिहितो, कारण मला एकदा ते सरळ लिहायचंय. गावभर कुणाचंही कुलूप अडलं की लोक पपांना बोलवायचे. किल्ली हरवलेल्या माणसाला ते कधी हसले नाहीत. आणि त्याच पपांना शेवटच्या वर्षी स्वतःच्या घराची किल्ली कुठल्या बाजूनं फिरवायची ते आठवेना. पक्षाघाताच्या झटक्यानं उजवा हात गेला, मग हळूहळू एकेक आठवण जाऊ लागली. दार उघडं दिसलं की ते आपल्या कुलपांच्या दुकानाला निघायचे, ते दुकान विकून तीन वर्षं झाली होती तरी. म्हणून तू बाहेर पडताना दाराची बाहेरची कडी लावायचीस. ती कडी पपांनीच बसवलेली, चांगल्या दिवसांत, गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलं की दार वाऱ्यानं आपटतं म्हणून. तू शिवणाच्या दुकानातलं काम घरी आणलंस. एका डोळ्यानं टाका आणि एका डोळ्यानं पपा. मी एक शनिवार सोडून एक शनिवार यायचो, तुला जरा पाठ टेकता यावी म्हणून, आणि रविवारी पहिल्या बसनं परत, कारण संध्याकाळी सभा.

दफनानंतर चौथ्या दिवशी तू मला स्वयंपाकघरात बोलावलंस. भांडी घासून झाली होती तरी तू तेच पातेलं परत परत घासत होतीस. मग माझ्याकडे न बघता बोललीस. म्हणालीस, पपा पडले त्या शनिवारी दुपारी त्यांनी तिसऱ्यांदा अंथरूण भिजवलं, मी ते तिसऱ्यांदा बदललं, आणि त्यांनी माझ्या हाताला चावा घेतला. मी कडी लावली आणि जिन्यावर जाऊन बसले. झोप नाही, काही नाही, नुसती बसले. ते आतून ‘आई, आई’ अशा हाका मारत होते, म्हणजे मलाच, शेवटी शेवटी ते मलाच आई म्हणायचे. ‘मी ऐकलं होतं रे. एकूण एक हाक ऐकली. मी उठले नाही.’ मग काहीतरी पडल्याचा आवाज आला. खुब्याचं हाड मोडलं, इस्पितळ, फुप्फुसात पाणी, सहा आठवडे. बाकीचं सगळ्यांना माहीत आहे. ते जिन्यावरचं कुणालाच नाही, फक्त तुला आणि आता मला. तू विचारलंस, ‘देव मला क्षमा करील का रे? तू एवढा वाचतोस, तू सांग.’ मी तुला बायबलमधलं एक वचन सांगितलं. चांगलं वचन आहे, खरं आहे. तू मान हलवलीस आणि पातेलं पालथं घातलंस. मला वाटलं, वा, बरं बोललो.

गेल्याच्या गेल्या रविवारी मी सभेत तेच सांगितलं, ताई. तुला ते ठाऊक आहे. मला ठाऊक आहे की तुला ठाऊक आहे.

धड्याला मी नावही दिलं होतं, ‘जिन्यावरची लेक’. नाव घेतलं नाही, गाव घेतलं नाही. ‘माझ्या ओळखीची एक लेक’ म्हणालो. पण कडी तीच ठेवली. हाका त्याच ठेवल्या. तुझ्या एप्रनच्या खिशातला शिंप्याचा खडूसुद्धा ठेवला, कारण त्यानं चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं. आणि शेवटी म्हणालो, आपण सगळेच त्या जिन्यावर बसलेलो आहोत, आतून हाक येतेय आणि आपण उठत नाही, पण आपला स्वर्गीय पिता मात्र आपली प्रत्येक हाक ऐकतो आणि उठतो. बाजाची पेटी वाजवणारी मुलगी रडली. डॉक्टर, जो सभेत हमखास पेंगतो, तो जागा होता. पाळकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, हे चर्चच्या मंडळीच्या मासिकात छापू या, आणि महिनाअखेरच्या तरुणांच्या मेळाव्यात हेच सांग. मी हवेत होतो.

गीतपुस्तकं वाटणाऱ्या आजी शेवटी माझ्यापाशी आल्या. ‘शेवटच्या बाकावर एक बाई होती,’ म्हणाल्या, ‘मांडीवर खाकी कागदाचं पार्सल घेऊन बसलेली. तुझं बोलणं तिला इतकं लागलं की मध्येच उठून गेली. तुझ्या शब्दात ताकद आहे हो.’ कौतुकानं सांगत होत्या बिचाऱ्या. मी आभारही मानले. तेव्हा काहीच लक्षात आलं नाही, म्हणजे बघ देवानं दिलेला डोळा. खोलीकडे जाताना फाटकावरच्या रखवालदारानं हाक मारली. ‘तुमच्या ताई पार्सल ठेवून गेल्या. थांबा म्हटलं, तुम्हाला बोलावतो, तर नको म्हणाल्या. तो कामात आहे म्हणाल्या.’ खाकी कागद, तुझी ती दोन गाठींची दोरी. मी वर जाऊन पार्सल उघडलं, कोट घातला, चिठ्ठी वाचली, आरशात बघितलं, आणि तेव्हा कुठे शेवटचा बाक आणि पार्सल माझ्या डोक्यात एकत्र आले. मी कोटासकट खाली बसलो. डॉक्टरनं विचारलं, बरं नाही का, गोळी देऊ? त्याच्या डब्यात यावर काही नव्हतं.

मी गोंधळात पडू नये म्हणून तू न कळवता आली असशील. पहिल्यांदाच मला बोलताना ऐकायला आलीस. सकाळी बाह्यांचा शेवटचा टाका घालून बस पकडली असशील. आणि शेवटचा बाक निवडलास, कारण तू कुठेही जाशील तिथे शेवटचाच बाक निवडतेस. मी हे रोज डोळ्यांसमोर आणतो. आणू नये असं वाटत नाही.

अकरा दिवस फोन केले. बाराव्या दिवशी दुकानात केला, तर मालकीणबाईंनी घेतला. ‘ती कामात आहे,’ म्हणाल्या. मग आवाज खाली करून म्हणाल्या, ‘काय झालंय रे तुमच्यात? गेल्या रविवारीसुद्धा दुकान उघडून बसली. उपासनेला जात नाहीस का म्हटलं, तर म्हणाली, झालं माझं ऐकून.’ ताई, पपा आजारी असताना शेजारच्या काकूंना बसवून तू उपासनेला गेलीस. आई गेली त्या आठवड्यातही गेलीस, मला हाताला धरून, तेव्हापासूनच मी तुझं शेपूट. जे कशानं सुटलं नाही ते माझ्या पाच मिनिटांनी सुटलं.

दुसऱ्या दिवशी मी पाळकांकडे जाऊन मासिकाचा कागद परत मागितला आणि मेळाव्यात बोलणार नाही म्हणून सांगितलं. त्यांना वाटलं, माझा धीर सुटला. मी म्हणालो, ती गोष्ट माझी नव्हती, माझ्या बहिणीनं माझ्यापाशी कबूल केलेली होती. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, ‘मग माझ्याकडे काय करतोयस? तिच्याकडे जा.’ मी निघालो, तर मागून म्हणाले, ‘आणि तिथे धडा देऊ नकोस.’ तेव्हापासून हे पत्र लिहितोय. हा सहावा कागद. क्षमा कर असं चारदा लिहून खोडलं. क्षमेवर माझे तीन धडे आहेत, वहीत तारखेसकट, आणि आज एकाचाही मला उपयोग नाही.

पण नुसतं विश्वासानं सांगितलेलं चव्हाट्यावर आणलं एवढंच असतं, तर पत्र कालच संपलं असतं. तेवढ्याचीच माफी मागून मोकळा होणार होतो. चौथा कागद तसाच संपला होता, पाकिटात घातला होता. मग काल रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या माझा तोच धडा आठवला आणि एक गोष्ट दिसली. मी त्यात कडी ठेवली, हाका ठेवल्या, खडू ठेवला, सगळं जसंच्या तसं ठेवलं. फक्त त्या लेकीला मी भाऊ दिला नाही. ऐकणाऱ्या कुणालाही वाटावं की ती एकटीच होती, तिला कुणी नव्हतं.

आणि आता ते, ज्याच्यासाठी हे पत्र आहे. तो शनिवार माझा होता. गुरुवारी तू फोन करून म्हणालीस, ‘येतोयस ना? मला नुसतं दोन तास आडवं व्हायचंय.’ मी म्हणालो, सोमवारी परीक्षा आहे, पुढच्या शनिवारी नक्की. तू लगेच म्हणालीस, अभ्यास कर, माझं काय, मी आहे. ताई, परीक्षा नव्हती. सोमवारी काहीच नव्हतं. रविवारी सगळ्या महाविद्यालयांची मिळून मोठी सभा होती, मला पहिल्यांदाच दहा मिनिटं मिळाली होती, आणि विषय होता, एकमेकांची ओझी वाहा. तू जिन्यावर बसलीस तेव्हा मी ग्रंथालयात खिडकीपाशी बसून ओझ्यावर लिहीत होतो. तुझे तीन फोन आले. मी फोन टेबलावर पालथा ठेवला, कारण शेवटचा परिच्छेद जमत आला होता. नंतर तुला सांगितलं, अभ्यासिकेत फोन घेऊ देत नाहीत. स्वयंपाकघरात तू मला देवाच्या क्षमेचं विचारलंस, तेव्हा तुझ्या मनावरचं अर्धं ओझं मी एका वाक्यात उचलू शकलो असतो. मी वचन सांगितलं. प्रभूला हे सगळं सांगून झालंय, ते सोपं गेलं, त्याला आधीच माहीत होतं. तुला सांगायचं राहिलं होतं. पपांच्या हाका ऐकून तू उठली नाहीस, हे तू एवढे दिवस उराशी धरून बसलीस. पण त्या हाकांना उठायला त्या दिवशी तिथे मी असायला हवा होतो, आणि तू आत गाढ झोपलेली असायला हवी होतीस. यातून मी धडा काढणार नाही. वही डॉक्टरला दिलीय, तो तिच्यात गोळ्यांचा हिशेब लिहितो. या शनिवारी पहिल्या बसनं येतोय. कोट घालून येणार नाही, हातावर घेऊन येईन, तुला वाटलं तर घालायला सांग. बेल एकदाच वाजवीन. दार उघडलं नाहीस तरी मी जाणार नाही, जिन्यावर बसेन. ती जागा माझीच आहे.

तुझंच,
शेपूट